नर्सिंगच्या प्रवेशाआधीचे विषय : एका सत्रात किती घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या आहेत, पुण्याहून बी.कॉम. झालेल्या आहेत, लग्नानंतर न्यू जर्सीत आल्या आणि आता त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. सात आणि चार वर्षांची दोन मुले आहेत, आठवड्याला वीस तास औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करतात. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमासाठी त्यांना येत्या फेब्रुवारीत अर्ज करायचा आहे. त्यासाठी या फॉल सेमिस्टरमध्ये, म्हणजे ऑगस्टअखेर ते डिसेंबरच्या सत्रात, ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचा पहिला भाग, केमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स असे चार विषय, एकूण पंधरा क्रेडिट, त्यांनी नोंदवले आहेत. चारही विषय एकदम घेऊन मोकळे व्हावे का, असे त्या विचारतात.

माझे उत्तर नाही असे आहे. लॅब असलेले तीन विज्ञान विषय एका सत्रात, नोकरी आणि लहान मुले सांभाळून, मी कोणालाही घेऊ देणार नाही. तुम्ही ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, ज्याला येथे सगळे ए अँड पी म्हणतात, आणि केमिस्ट्री एवढे दोनच विषय ठेवावेत आणि अर्ज येत्या नव्हे, त्याच्या पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत करावा. हे ऐकून वाईट वाटेल, कारण तुमच्या मनात हिशेब पक्का झालेला आहे. म्हणून माझा हिशेब कसा येतो ते सविस्तर सांगते.

कॉलेजात क्रेडिट हे वजनाचे माप समजले जाते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर. म्हणजे पंधरा क्रेडिटचे आठवड्याला 45 तास झाले. पण लॅबचे विषय या मापात नीट बसत नाहीत. ए अँड पी हा चार क्रेडिटचा विषय असतो, तरी त्यात बहुधा तीन तास व्याख्यान आणि तीन तास लॅब असते, म्हणजे चार क्रेडिटसाठी सहा तास प्रत्यक्ष हजेरी लागते. त्यावर घरचा अभ्यास नऊ तासांच्या खाली ज्यांचा असतो त्यांना ए ग्रेड मिळालेला मी क्वचितच पाहिला आहे. केमिस्ट्रीचे सहा अधिक सात, मायक्रोबायॉलॉजीचे सहा अधिक आठ, स्टॅटिस्टिक्सचे तीन अधिक सहा असे धरले तर तुमच्या चार विषयांना आठवड्याला 51 तास लागतात.

आता तुमचा आठवडा मांडू. एकूण तास 168. रोज सात तास झोप धरली की 119 उरतात. नोकरीचे वीस आणि जाण्यायेण्याचे चार गेले, 95 राहिले. स्वयंपाक, डबे, शाळेत सोडणे-आणणे, मुलांचा अभ्यास आणि त्यांना झोपवणे यांचे रोजचे पाच तास म्हणजे आठवड्याचे पस्तीस, उरले साठ. स्वतःचे जेवण-आंघोळ वगैरे दहा, शनिवार-रविवारची किराणा खरेदी, कपडे, डॉक्टरकडच्या फेऱ्या आठ, कॉलेजला जाण्यायेण्याचे चार. हाती 38 तास राहतात, आणि यात कोणालाही ताप आलेला नाही. 38 तासांत 51 तासांचे काम बसवायचे तर कात्री झोपेलाच लागते, आणि झोप कापून पाठ केलेली नावे परीक्षेच्या टेबलापर्यंत टिकत नाहीत. ए अँड पी आणि केमिस्ट्री मिळून 28 तास होतात. उरलेले दहा तास रिकामे नाहीत. ऑक्टोबरमध्ये धाकट्याला सर्दी होईल, मोठ्याच्या शाळेत कार्यक्रम असेल, दुकानात कोणाच्या तरी बदली उभे राहावे लागेल, त्या सगळ्यासाठी ते आहेत.

हे मी अनुभवाने बोलते. मी 2005 साली सांगलीहून लग्न होऊन इकडे आले. 2007 च्या फॉलमध्ये मी नेमका तुमचाच संच घेतला होता, फक्त स्टॅटिस्टिक्सच्या जागी मानसशास्त्र होते. सप्टेंबर छान गेला, कारण सप्टेंबर सर्वांचाच छान जातो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिन्ही लॅबच्या परीक्षा पाच दिवसांत आल्या. मायक्रोबायॉलॉजी सोडावी लागली, केमिस्ट्रीत सी आला, आणि एका वर्षात संपवायचे म्हणून जे घेतले होते ते निस्तरायला दीड वर्ष लागले. पुढे 2011 पासून मी रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल विभागात नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करते आहे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका कॉलेजच्या शिकवणी केंद्रात ए अँड पी आणि मायक्रोबायॉलॉजीच्या मुलांना शिकवते. माझ्यासारखी दमलेली मुलगी दर ऑक्टोबरला एक तरी समोर येऊन बसते.

तीन लॅबपैकी मायक्रोबायॉलॉजीच का काढायची, असा प्रश्न येईल. त्याचे एक कारण म्हणजे या विषयाचे वेळापत्रक जिवाणू ठरवतात. पेट्री डिशवर तुम्ही नमुना पसरता, तो 37 अंशांना चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचा आणि मग वाचायचा. बऱ्याच कॉलेजांत सत्राच्या उत्तरार्धात प्रत्येकाला एक अज्ञात जिवाणू दिला जातो आणि तो कोणता हे एकामागून एक चाचण्या करून शोधायचे असते. पहिल्या दिवशी ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखण्याची चाचणी: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि सॅफ्रानिन या क्रमाने. जांभळे दिसले तर ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी दिसले तर ग्रॅम-निगेटिव्ह. त्यावरून पुढची चाचणी कोणती ते ठरते, तिचा निकाल दुसऱ्या दिवशी, मग तिसरी. वर्गाच्या वेळेबाहेर, लॅब उघडी असेल तेव्हा, खेपा घालाव्या लागतात. ज्यांना साडेतीनला शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे असते त्यांच्यासाठी हे सर्वांत अवघड असते. अल्कोहोलचा थेंब दोन सेकंद जास्त पडला की पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसू लागतो आणि पुढचा आठवडाभर तुम्ही चुकीच्या वाटेने चालत राहता; माझे हे दोनदा झाले आहे. दुसरे कारण असे की थोडी केमिस्ट्री आणि पेशीची ओळख आधी झालेली असेल तर मायक्रोबायॉलॉजीचा निम्मा भार हलका होतो. काही कॉलेजांत ती पूर्वअटच असते.

ए अँड पी चा भार वेगळ्या जातीचा आहे. तिथे समजायला फारसे कठीण काही नाही, पण प्रमाण अफाट आहे. पहिल्या भागात पेशी, ऊती, त्वचा, हाडे, स्नायू आणि मज्जासंस्था येतात. मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडे. पण परीक्षेत हाडांच्या नावांवर थांबत नाहीत, एकेका हाडावरचे उंचवटे, खाचा आणि छिद्रे विचारतात. त्यावर शेकडो स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. लॅबच्या परीक्षेत टेबलांवर हाडे आणि प्रतिकृती मांडलेल्या असतात, प्रत्येकावर चिकटपट्टीचा बाण असतो, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचे. बहुतेक ठिकाणी स्पेलिंगचेही गुण कापतात. पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखण्याची सवय तिथे कामाला येत नाही. कोऱ्या रेषेवर नाव स्वतः लिहावे लागते.

म्हणून अभ्यासही लिहूनच करावा. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे आणि पिवळ्या रंगाने ओळी रंगवणे हा आपल्या सगळ्यांचा आवडता उद्योग आहे, आणि त्यात वेळेचा सर्वांत मोठा नाश आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. परीक्षा आठवड्याने असते, पाच मिनिटांनी नसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी असे सांगते की व्याख्यान ज्या दिवशी झाले त्याच रात्री, भांडी आवरल्यावर, कोरा कागद घ्या आणि वही न उघडता वीस मिनिटे जे आठवते ते लिहा, चित्रे काढा. मग वही उघडून राहिलेले लाल शाईने भरा. तो लाल भाग हाच तुमचा उद्याचा अभ्यास. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. तुम्हाला दुकानात जेवणाची अर्धा तास सुट्टी मिळते. तेवढ्यात फोनवरच्या प्रश्नपत्त्या, अँकी किंवा तशाच एखाद्या ॲपमधून, तीस-चाळीस होतात. आठवड्यातून पाच दिवस धरले तर अडीच तास झाले आणि घरातला एक मिनिटही गेला नाही.

मराठी माणसाला या विषयात एक देणगी आहे, ती फारसे कोणी वापरत नाही. शरीरशास्त्राची नावे ग्रीक आणि लॅटिन आहेत आणि त्यांतली कितीतरी आपल्या संस्कृत शब्दांची सख्खी भावंडे आहेत. ऑस्टिऑन म्हणजे अस्थी, डेन्स म्हणजे दंत, नेझस म्हणजे नासा, जेनू म्हणजे गुडघा, आपला जानू. हिपॅटिक हे विशेषण ज्या हेपारवरून आले ते आणि यकृत एकाच मुळाचे. कार्डिया आणि हृदय यांचेही तसेच. न्यूरॉन या ग्रीक शब्दाचा जुना अर्थ कंडरा असा होता आणि त्याचे नाते स्नायू या शब्दाशी आहे. मराठीत आपण स्नायू मसलला म्हणतो, हिंदीत स्नायु तंत्र म्हटले की नर्व्हस सिस्टिम होते, त्यामुळे हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुली इथे हमखास गोंधळतात, एवढे मात्र ध्यानात ठेवा. मनात मराठीत समजावून घ्या, नातवाला गोष्ट सांगावी तसे मोठ्याने बोला, आणि कागदावर मात्र इंग्रजीतच लिहा.

केमिस्ट्रीबद्दल फार लिहीत नाही. नर्सिंगसाठीची केमिस्ट्री प्राथमिक पातळीची असते. मोल, पीएच, द्रावणांची तीव्रता आणि एककांची रूपांतरे यांत ती संपते, आणि मिलिग्रॅम-मिलिलिटर हे आपण लहानपणापासून वापरत आल्यामुळे तिथे अमेरिकन वर्गमित्रांपेक्षा तुम्हाला सोपे जाईल. बी.कॉम.ची आकडेमोडीची सवयही कामी येईल. फक्त दहावीनंतर विज्ञान सुटले असल्याने पहिले तीन आठवडे जड जातील. सत्र सुरू होण्याआधी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाच्या मोफत पुस्तकांतून अणू, बंध आणि पेशी यांवरची प्रकरणे वाचून ठेवा. ए अँड पी चे पुस्तकही तिथे मोफत आहे. कॉलेज दुसरे पुस्तक लावत असेल तरी दुसऱ्या भाषेत तेच वाचायला ते उपयोगी पडते.

ग्रेडचा हिशेब मी मुद्दाम स्वतंत्र सांगते, कारण इथेच घाई महाग पडते. हे विषय नुसते उत्तीर्ण व्हायचे नसतात. नर्सिंगच्या जागा मोजक्या आणि अर्ज अनेक, म्हणून या विषयांच्या सरासरीवरच तुमचा क्रमांक लागतो. ए ला चार, बी ला तीन, सी ला दोन, आणि त्याला क्रेडिटने गुणायचे. समजा तुमच्या योजनेप्रमाणे ए अँड पी मध्ये बी, केमिस्ट्रीत सी, मायक्रोबायॉलॉजीत बी आणि स्टॅटिस्टिक्समध्ये ए आला, जे दमलेल्या माणसाचे अगदी शक्य कोटीतले प्रगतिपुस्तक आहे. बारा, आठ, बारा आणि बारा मिळून 44, भागिले पंधरा, म्हणजे 2.93. तेच विषय दोनदोन करून घेतले आणि केमिस्ट्री सोडून बाकी सगळीकडे ए, केमिस्ट्रीत बी आला तर 56 भागिले पंधरा, 3.73. पहिला आकडा घेऊन बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षायादीतही नाव लागणार नाही. आणि सी पुन्हा देऊन ए मिळवता येतो म्हणावे तर काही अभ्यासक्रम दोन्ही प्रयत्नांची सरासरी धरतात, म्हणजे हाती बीच राहतो. काही ठिकाणी एखादा विज्ञान विषय किती वेळा देता येईल यावरच मर्यादा असते. शिवाय विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांत जुने झाले असे धरणारी कॉलेजे पुष्कळ आहेत. तुम्ही ज्या तीन-चार ठिकाणी अर्ज करणार आहात त्यांची या तीन मुद्द्यांवरची पाने छापून एका फाइलमध्ये लावा. सल्लागाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. मी राहिले होते, आणि अर्जाच्या वेळी ते सल्लागार बदलून गेले होते.

विषय मध्येच सोडला तर ग्रेडच्या जागी डब्ल्यू लागतो. त्याने सरासरी बिघडत नाही आणि एखाद दुसऱ्या डब्ल्यूने कोणी दार बंद करत नाही. सी पेक्षा डब्ल्यू बरा, हे मी निःशंकपणे सांगते. पण सरकारी शैक्षणिक मदत घेणाऱ्यांनी दुसरे एक गणित पाहावे. नोंदवलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक भाग, बहुतेक कॉलेजांत 67 टक्के, पूर्ण झाला पाहिजे अशी अट असते आणि डब्ल्यू त्यात नोंदवलेला पण अपूर्ण म्हणून धरला जातो. पंधरापैकी एक चार क्रेडिटचा विषय सोडला तर अकरा उरतात, म्हणजे 73 टक्के, निभावले. दोन सोडले तर सात, म्हणजे 47 टक्के. मग पुढल्या सत्राची मदत धोक्यात.

पूर्णवेळ म्हणजे किमान बारा क्रेडिट घेतली तर मदत जास्त मिळेल, या कल्पनेने पुष्कळजणी भार वाढवतात. तुमच्या बाबतीत त्यात तथ्य कमी आहे. केंद्र सरकारचे पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायचे अनुदान, हे पहिली पदवी नसलेल्यांसाठी असते, आणि परदेशातली पदवीही त्यात सामान्यतः पदवीच धरली जाते. म्हणजे तुमचे बी.कॉम. इथे आडवे येणार. कर्ज मात्र सहा क्रेडिटपासून, अर्धवेळ विद्यार्थ्यालाही, मिळू शकते. माझ्या योजनेत आठ क्रेडिट आहेत. ज्या वाचक भगिनी एच-4, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्यावर अवलंबून असलेल्यांच्या, व्हिसावर आहेत त्यांना ही सरकारी मदत मिळत नाही, पण त्या अर्धवेळ शिकू शकतात, त्यांच्यावर किमान क्रेडिटचे बंधन नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र सत्राला बारा क्रेडिट घ्यावीच लागतात आणि ऑनलाइनचा एकच विषय त्यात धरला जातो. त्यांनी दोन लॅबच्या जोडीला इंग्रजी किंवा मानसशास्त्रासारखे विषय घेऊन आकडा भरावा, तिसरी लॅब घेऊन नव्हे.

स्टॅटिस्टिक्स नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट करायला हवी होती, ती आता करा. बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा विषय होता का ते गुणपत्रिकेत पाहा. परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या, कॉलेजला मान्य असलेल्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घेतले तर तो विषय आणि इतर काही सामान्य विषय माफ होण्याची शक्यता असते. शेवटचा निर्णय कॉलेजचा. पुण्याहून सीलबंद गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, त्यामुळे माहेरच्या कोणाला तरी विद्यापीठात एक-दोन चकरा माराव्या लागतील असे धरून चाला. हातात पदवी आहे म्हणून आणखी एक रस्ता तुम्हाला उघडा आहे. दुसऱ्या पदवीसाठीचे वेगवान बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगच्या बॅचलर पदवीचे, अभ्यासक्रम अकरा ते अठरा महिन्यांचे असतात. तुमची पदवी तीन वर्षांची असल्याने ती तिथे चालते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागेल. ते महाग आहेत आणि त्या काळात नोकरी करता येईल असे समजू नका, पण पूर्वविषय जवळपास तेच असल्याने आत्ताची मेहनत दोन्हीकडे चालेल.

पुढचा क्रम मी असा लावीन. या फॉलला ए अँड पी चा पहिला भाग आणि केमिस्ट्री. दोन्हीत ए किंवा एक ए, एक बी आला तर स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारी ते मेच्या सत्रात, ए अँड पी चा दुसरा भाग आणि मायक्रोबायॉलॉजी एकत्र घ्या. ती जोडीही जड आहे, पण रोगप्रतिकारशक्ती दोन्हीकडे शिकवतात, आणि तोपर्यंत अभ्यासाची रीत बसलेली असते. त्याहून कमी आले तर स्प्रिंगला दुसरा भाग आणि बालविकासाचे मानसशास्त्र घ्यावे, मायक्रोबायॉलॉजी पुढच्या फॉलला जाईल. स्टॅटिस्टिक्स माफ झाले नाही तर ते उन्हाळ्यात आठ आठवड्यांत करा; तीन क्रेडिटचे 135 तास आठ आठवड्यांवर वाटले की आठवड्याला सतरा होतात, ते जमते. उन्हाळ्यात ए अँड पी घेऊ नका. तोच हिशेब चार क्रेडिटला साडेबावीस तास सांगतो, आणि लॅब धरता प्रत्यक्षात त्याहून जास्त; हाडांना डोक्यात बसायला जो वेळ लागतो तो आठ आठवड्यांत मिळत नाही.

प्रवेशपरीक्षा टीज असेल तर ती ए अँड पी चा दुसरा भाग संपल्यावर दोन महिन्यांच्या आत द्या. 209 मिनिटांत 170 प्रश्न असतात. विज्ञानाच्या गुण मिळणाऱ्या 44 प्रश्नांपैकी 18 शरीरशास्त्राचे असतात. काही कॉलेजे त्याऐवजी हेसी ए-2 ही दुसरी प्रवेशपरीक्षा मागतात, ते आधी पाहून घ्या, कारण दोन्हींची तयारी अगदी सारखी नाही.

घरच्यांबद्दल दोन शब्द. फॉल सेमिस्टर आपल्या सणांच्या बरोबर अंगावर येते. गणपती पहिल्या परीक्षेच्या सुमारास, नवरात्र-दिवाळी मिडटर्मच्या आसपास, शिवाय मंडळाच्या नाटकाच्या तालमी. सत्राचा अभ्यासक्रम हातात आला त्या दिवशी दोन्ही लॅबच्या परीक्षांच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, सणांच्याच रकान्यात, लाल शाईने लिहा, म्हणजे यजमानांना वेगळे सांगावे लागत नाही. सासूबाई किंवा आई भारतातून सहा महिने येणार असतील तर त्यांचे येणे मायक्रोबायॉलॉजीच्या सत्रात ठरवा, या सत्रात नव्हे. आणि नातेवाईक विचारतील, इतके दिवस झाले, अजून नर्सिंग सुरूच झाले नाही का? भारतात बारावीनंतर सरळ प्रवेश होतो, त्यामुळे त्यांना हे कळणे अवघड आहे. अमेरिकेत दोन वर्षांची ही पदवी 1952 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड माँटॅग यांच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि नाव आजही दोन वर्षांचेच आहे. पूर्वविषय धरून ती तीन-चार वर्षांची होते, हे तिथे शिकलेली कोणीही सांगेल. चार वर्षांची पदवी घेणाऱ्या मुलींची परवाना परीक्षाही तीच, एनक्लेक्स-आरएन.

नोकरी सोडू नका. वीस तासांची ती नोकरी औषधांची नावे कानावर पाडते, आणि पुढे फार्माकॉलॉजीला त्याचा उपयोग होईल. मात्र दोन्ही लॅब एकाच दिवशी येणार नाहीत आणि लॅबच्या संध्याकाळी दुकानात पाळी नसेल, एवढे मॅनेजरशी आत्ताच बोलून घ्या.

राहिला पैसे भरून झाल्याचा प्रश्न. मायक्रोबायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स तुम्ही सत्र सुरू होण्याआधी रद्द केलेत तर बहुतेक कॉलेजांत पूर्ण फी परत मिळते; सत्र सुरू झाल्यावर ती दर आठवड्याला झपाट्याने घटते, आणि ठरावीक तारखेपूर्वी रद्द केलेला विषय गुणपत्रिकेत दिसतही नाही. ती तारीख कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरमध्ये आहे, आजच पाहा. रद्द करायचे ते विद्यार्थी पोर्टलवरून स्वतः करा आणि पोचपावतीचा ईमेल जपून ठेवा. नुसते वर्गात जाणे थांबवले तर नाव आपोआप कमी होईल असे समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या एकीने तसे केले आणि डिसेंबरात तिच्या गुणपत्रिकेवर मायक्रोबायॉलॉजीसमोर एफ आला, जो विषय तिने दोन आठवड्यांपेक्षा जास्त शिकलाच नव्हता.